लक्ष्मीबाई टिळक : लेखनप्रेरणेचा एक विचार

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. अक्षरओळख झाली ती कवी नारायण वामन टिळकांशी विवाह झाल्यानंतर. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही धर्मांतर केले.

त्यांच्या प्रौढ लेखनाचा उगम लक्षणीय आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. पुढे पुत्र देवदत्त यांना पित्याच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) आकारास आले. दोन्ही वेळी प्रेरणा आत्माविष्काराची नव्हती, दुसऱ्याचे अपुरे कार्य पुरे करण्याची होती. तथापि पतीच्या चरित्राची साधनसामग्री सिद्ध करताना सांगणारीचेच व्यक्तिमत्त्व प्रकट झाले. टिळकांच्या लहरींबरोबर स्वतःच्या फजितीही त्यांनी निर्मळ विनोदाने सांगितल्या.

१९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. लेखनास आधी आत्मप्रकटीकरणाची ऊर्मी हवी, हे आपले गृहीत त्यांच्या चरित्राच्या प्रकाशात तपासून पाहावे लागते. येथे लेखणी कर्तव्यापोटी हाती आली. ‘मी’ तिच्यामागून आला.