लाकडाशिवाय कागद

नोटबुकचं पान म्हणजे कुठलं तरी झाड तोडलेलं, असं आपण धरूनच चालतो. पण कागदाची गोष्ट सुरू झाली ती लाकडाशिवाय. आणि तिचा हीरो होता राजवाड्यातला एक नोकर, त्साय लुन.

चीनमधल्या आजच्या हुनान प्रांतातला हा मुलगा इसवी सन 75 च्या सुमारास हान सम्राटांच्या राजवाड्यात खोजा, म्हणजे खच्ची केलेला सेवक म्हणून आला. स्वतःचा संसार नाही, जे काही करायचं ते दरबारातच. पोरगं हुशार, भराभर वर चढलं. पण वर चढायचं तर राजकारण आलंच. दौ सम्राज्ञीच्या सांगण्यावरून त्यानं सुंग नावाच्या राणीची चौकशी केली. त्या जाचात राणीनं जीव दिला.

पुढे त्साय लुनकडे सरकारी कारखाना आला. तिथं तलवारी, अवजारं बनायची. पण त्याच्या डोक्यात वेगळंच काहीतरी होतं. तेव्हा लिहायचं बांबूच्या पट्ट्यांवर, त्या जड. नाहीतर रेशमावर, ते महाग. ओबडधोबड कागद आधीही होता, पण लिहायला चांगला आणि भरपूर बनेल असा हवा होता. त्यानं घेतलं काय? झाडाची साल, हेंपच्या म्हणजे भांगेच्या कुळातल्या रोपाच्या दोऱ्यांची टोकं, चिंध्या आणि मासे पकडायची जुनी जाळी. सगळं जवळपास टाकाऊच!

यामागचं तंत्र साधं. हे सगळं कुटून पाण्यात मिसळलं की तंतू सुटे होतात. चाळणीवर पातळ थर धरला की पाणी निथळतं आणि वाळताना तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात. झाला कागद!

105 साली त्यानं तो सम्राटाला सादर केला. वाहवा झाली. 114 मध्ये सरदारकीही मिळाली.

पण 121 मध्ये सुंग राणीच्या नातवाच्या, सम्राट आनच्या हाती खरी सत्ता आली आणि जुनी फाईल उघडली. चौकशीला हजर राहा, असा हुकूम निघाला. त्साय लुननं आंघोळ केली, ठेवणीतले कपडे घातले आणि विष घेतलं.

तो गेला, कागद राहिला. लाकडाचा लगदा आला थेट एकोणिसाव्या शतकात. तोवर कागद बनायचा तो मुख्यतः चिंध्या, साली अन् बांबूपासून. आज तमिळनाडूत टीएनपीएल कंपनी उसाच्या चिपाडापासून कागद बनवते. आयडिया नवी वाटते ना? ती किमान एकोणीसशे वर्षं जुनी आहे.