सातासमुद्रापलीकडची विद्या आणि महाडचे तळे

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असे योजिले, तेव्हा तो पुरुष कोण असावा ह्याचा आम्हांस फार काळ विचार करावा लागला नाही. हल्ली आपल्या घराघरांतून तरुण मंडळी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज धाडण्याच्या गोष्टी बोलतात. आईबाप कर्जाचा हिशेब मांडतात. आणि इतका पैसा खर्चून मूल आपणांस परके तर होणार नाही ना, ही शंका त्यांच्या मनात डोकावल्यावाचून राहत नाही. ह्या शंकेस उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका चरित्राने द्यावे हे बरे, आणि ते चरित्र शोधण्यास दूर जावयास नको. शिवथरच्या खोऱ्यातून बिरवाडीस व तेथून महाडास गेले की गावात चवदार तळे लागते. त्या तळ्याच्या पाण्याशी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांच्या न्यूयॉर्क व लंडन येथील विद्येचा जो संबंध आहे, तोच आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार होते. घराणे मूळचे कोकणचे; आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे गाव. महार जातीत जन्म झाल्यामुळे ह्या मुलास शाळेत इतरांपासून वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान सोसावी. अशा स्थितीतून वाट काढीत १९०७ साली ते मुंबईस मॅट्रिक झाले. त्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्या विद्वान गृहस्थांनी त्यांची बुद्धी ओळखली, आणि पुढे त्यांच्याच मध्यस्थीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी निवर्तले. ज्या पित्याने पोटास चिमटा घेऊन पुस्तके आणून दिली, त्यास मुलाचा भाग्योदय पाहावयास मिळाला नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी पाठविण्याचे बडोदे दरबाराने ठरविले, व त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करावा, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, अशा त्याच्या अटी होत्या. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची व मुदत तीन वर्षांची. परदेशी शिक्षणाची वाट तेव्हाही कागदावरील अटींतूनच जात असे, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कास पोहोचले. तेथे प्रथमच त्यांना चारचौघांबरोबर एका मेजावर जेवता आले, व त्यांच्या शिवण्याने कोणाचे काही बाटले नाही. वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याशी जी मैत्री जमली, ती जन्मभर टिकली. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन ह्यांसारखे नामांकित गुरू लाभले. तथापि त्यांनी तेथे कायद्याची पदवी घेतली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कराराप्रमाणे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. त्याच्या जोडीस इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व जमाखर्चावर निबंध लिहून १९१५ साली ते एम. ए. झाले, आणि मे १९१६ मध्ये हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर त्यांनी एक विद्वत्तापूर्ण निबंध वाचला. न्यायासनापुढे बाजू मांडण्यापूर्वी समाजाचा रोग समजून घ्यावा, ह्या क्रमाने जणू त्यांचे शिक्षण चालले होते.

कायद्यासाठी ते १९१६ साली लंडनास गेले. सेलिग्मन गुरुजींनी तेथील पंडितांच्या नावे शिफारसपत्र दिले. भीमरावांनी एकीकडे लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयात नाव घातले व दुसरीकडे ग्रेज इन ह्या संस्थेत. इंग्लंडात बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यास अशा चार जुन्या संस्थांपैकी एकीत प्रवेश घ्यावा लागतो. तेथे परीक्षा तर असतेच, पण प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा संस्थेच्या दिवाणखान्यात भोजनास हजर राहिल्यावाचून सत्र भरले असे मानीत नसत. शाळेत ज्याला नळास हात लावण्याची बंदी होती, त्यास येथे पंक्तीस बसणे हा शिक्षणाचाच भाग होता!

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करावा, एवढी सवलत मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मागून घेतली. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके निराळ्या जहाजाने येत होती. पाणबुडीने ते जहाज बुडविले व मोठ्या कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

करारास जागून ते बडोद्यास रुजू झाले. तेथे कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद न देता लांबून टाकीत. राहावयास घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात जात लपवून राहिले, तर लाठ्या घेतलेल्या मंडळींनी येऊन त्यांना बाहेर काढले. कोलंबियाचा एम. ए. झाडाखाली बसून रडला, असा तो दिवस होता. परदेशची पदवी घेऊन येणाऱ्यास स्वदेशी सर्व दारे आपोआप उघडतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

तरीही त्यांनी तो अर्ध्यावर राहिलेला अभ्यास मनातून काढला नाही. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, भथेनांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि मुदत सरण्यापूर्वी १९२० साली ते पुन्हा लंडनास गेले. मागे त्यांच्या पत्नी रमाबाई ओढगस्तीत संसार रेटीत राहिल्या. १९२१ साली ते एम. एस्‌सी. झाले, त्याच वर्षी स्वहस्ते जर्मन भाषेत अर्ज लिहून त्यांनी बॉन विद्यापीठाकडे धाडला, परंतु तेथील अभ्यास पुढे गेला नाही. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतले, व त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल त्यांना डी. एस्‌सी. पदवी मिळाली. पहिल्या जलप्रवासास निघाल्यापासून दहा वर्षे लोटली होती.

त्या काळी पश्चिमेकडे विद्येसाठी जाणारे केवळ आपलेच लोक नव्हते. चीन देशातील शेकडो तरुण अमेरिकेच्या विद्यापीठांत शिकत होते. चीनचे प्रख्यात पंडित हू शिह हे कोलंबियात त्याच ड्यूईंचे शिष्य. दुसरे जॉन वू. ते शांघायच्या विधिविद्यालयातून मिशिगन विद्यापीठात गेले व १९२१ साली तेथे कायद्याचे पदवीधर झाले. १९३७ साली त्यांनी कॅथोलिक धर्म स्वीकारला, चीनच्या संविधानाचा मसुदा लिहिला, आणि १९४७ साली ते व्हॅटिकनमध्ये आपल्या देशाचे वकील झाले. परक्याच्या शाळेत कायदा शिकून स्वदेशाचे संविधान लिहावे, हा योग आशियाच्या दोन थोर राष्ट्रांत एकाच पिढीत घडून आला.

आता आपण महाडास येऊ. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात मंजूर झाला: सरकारी पैशाने चालणारी पाणवठे, विहिरी, शाळा आदी स्थळे अस्पृश्यांस मोकळी असावीत. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. परंतु कागदावर खुले झालेल्या त्या तळ्यातून एकाही अस्पृश्याने पाणी नेले नव्हते. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे प्रभृतींच्या पुढाकाराने १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब हजारो लोकांसह शांतपणे चालत तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले.

त्यानंतर, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी हूल उठली आणि घरोघर परतणाऱ्या निःशस्त्र मंडळीवर काठ्या व दगड चालले. काही मुसलमान कुटुंबांनी त्यांस आसरा दिला. बाबासाहेबांच्या लोकांत पलटणीत मुरलेले पुष्कळ पेन्शनर होते. त्यांनी केवळ हुकूम मागितला. तो त्यांस मिळाला नाही. हाताची लढाई एका दिवसात संपते आणि हक्क तेथेच राहतो, हे त्या बॅरिस्टरास पक्के ठाऊक होते. त्यांनी आपली माणसे आवरली, व पुढे न्यायालयात काही हल्लेखोरांस शिक्षा झाली.

सनातन्यांनी पंचगव्याने तळे शुद्ध केल्याचे जाहीर केले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. त्या मार्च व ऑगस्टच्या मध्ये, जूनमध्ये, कोलंबिया विद्यापीठाने प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाबद्दल ह्याच गृहस्थांस पीएच. डी. अर्पण केली. न्यूयॉर्कात डॉक्टर, महाडास तळ्याच्या काठीही नकोसे; एकाच वर्षाचे हे दोन निकाल होत.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह योजिला. फत्तेखान ह्या मुसलमान गृहस्थांनी मंडपास जागा दिली. तोच विरुद्ध पक्षाने महाडच्या कोर्टात दावा लावून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. बाबासाहेब पद्मावती बोटीने निघून नाताळच्या दिवशी दासगावास उतरले, तेव्हा हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने जमले होते. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्याचे काय करावयाचे? हुकूम मोडावा, तर कायद्याच्या बळावर हक्क मागणाऱ्याने कायदाच मोडला असे होते. पाळावा, तर दूरदूरहून पायपीट करून आलेल्या गरिबांस कोरड्या ओठांनी परत धाडावे लागते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्यास हात लाविला नाही, व घरचा रस्ता धरला. २० मार्चचे पाणी पिणे धैर्याचे खरे. पण हे न पिणे त्याहून कठीण होते, असे आम्हांस वाटते.

मग दहा वर्षे दावा चालला. पहिले प्रतिवादी स्वतः बाबासाहेब. वादींचे म्हणणे दोन प्रकारचे: तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे येऊ नये ही अनादिकालापासूनची वहिवाट आहे. वहिवाटीस कायद्याचे बळ यावयाचे तर ती पुरातन, निश्चित व वाजवी असल्याचे सिद्ध करावे लागते, हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व आहे. लोक असेच वागत आले, एवढे सांगून भागत नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला; १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला; ठाण्याचे अपीलही १९३३ साली फेटाळले गेले; आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल देऊन, अशी अनादि वहिवाट शाबीत झाली नाही असे ठरविले. तो निकाल ऐकण्यास रमाबाई नव्हत्या. २७ मे १९३५ रोजीच त्यांनी इहलोक सोडला होता.

पुढचे चरित्र सर्वविदित आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदासमितीचे ते अध्यक्ष झाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून भारताचे संविधान अंमलात आले. त्याच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण महाडकरांनी १५ वे कलम उघडून पाहावे. जातीच्या कारणावरून कोणासही ज्या स्थळी मज्जाव करता येणार नाही त्यांत विहिरी, तळी व स्नानाचे घाट ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात तळे हा साधा शब्द आहे. तो वाचताना आम्हांस चवदार तळ्याचा काठ आठवतो.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना बोलावून एल्‌एल. डी. ही कायद्याची सन्माननीय पदवी अर्पण केली. अमेरिकेची कायद्याची पदवी त्यांस मिळाली ती अशी, अर्ज न करता, कायद्याचे काम करून दाखविल्यावर. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

आज आपल्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, बँकांची कर्जे आहेत. अर्ज अवश्य करावेत. एक वेळ नकार आला तर दुसऱ्यांदा करावेत. अभ्यास खंडित झाला तर परतण्याची वाट मोकळी ठेवावी, जशी भीमरावांनी ठेविली. आईबापांस आमचे सांगणे इतकेच, की मूल दूर गेल्याने परके होत नाही. ज्या विद्येचा आपल्या गावच्या तहानेशी काही संबंध उरत नाही, ती विद्या परकी. दर वर्षी २० मार्च रोजी महाडास लोकांची रीघ लागते. आपल्या धर्मग्रामातील मुलांना त्या दिवशी तळ्यावर अवश्य न्यावे, काठावर उभे करावे, आणि ह्या पाण्यासाठी एक मनुष्य किती दूरच्या शाळेत गेला होता ते त्यांना सांगावे.