हलक्या गाडीचा जड हिशेब

भिवंडीतील नारपोलीच्या परिसरात कापडाचे तागे आणि गोदामांतील माल ट्रकवर चढविला जातो, तेव्हा जड नग कुठे ठेवायचा याचा विचार हमाल आणि चालक दोघेही करतात. सारे ओझे मागच्या टोकाला गेले की पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंगचा भरवसा राहत नाही. ओझे फार उंच रचले की वळणावर गाडी कलते. हे शहाणपण पुस्तकातून आलेले नसते, ते रस्त्यानेच शिकविलेले असते. मोटारशर्यतीचे निम्मे शास्त्र या शहाणपणातच सामावलेले आहे. वजन किती, ते कुठे आणि वळणावर ते कोणत्या चाकावर सरकते, या तीन प्रश्नांभोवती हे शास्त्र फिरते. जुनी गाडी घरच्या गॅरेजमध्ये जुळवून शर्यतीला उतरणाऱ्या हौशी चालकांना ते सोपे करून देणारा आणि त्याच बळावर पुढे जगज्जेतेपदापर्यंत मजल मारणारा माणूस म्हणजे 'लोटस' मोटारींचे जनक कॉलिन चॅपमन. गाडीतून वजन कसे काढावे, हे त्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकविले. ते कुठवर काढावे, या प्रश्नाने मात्र त्यांचा अखेरपर्यंत पिच्छा पुरविला.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील रिचमंड येथे झाला. वडील हॉटेल-व्यवसायातले. उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात त्यांचे बालपण गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे त्यांनी बांधकामशास्त्राचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले. पूल असो वा इमारत, कोणत्या दांड्यावर किती भार येतो आणि कोणता दांडा नुसताच जागा अडवतो, हे पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले. विमानात निरुपयोगी वजनाला थारा नसतो, हा दुसरा संस्कार तिथला.

शिकत असतानाच एका मित्राच्या भागीदारीत त्यांनी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला होता. महायुद्धोत्तर ब्रिटनमध्ये पेट्रोलवर निर्बंध होते. १९४७ साली खासगी वापराचे पेट्रोल बंद झाले आणि हा धंदा बसला. विकली न गेलेली १९३० सालची एक 'ऑस्टिन सेव्हन' तेवढी उरली. हेझल विल्यम्स या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये चॅपमन यांनी ती उघडली. ऑस्टिनची मूळ चासी लवचीक होती. खड्ड्यात चाक गेले की ती पिळवटत असे. त्यांनी तिच्यावर विमानांच्या पद्धतीने प्लायवूड आणि अॅल्युमिनियमची हलकी, पण ताठ काया चढविली. १९४८ साली उभी राहिलेली ही गाडी म्हणजे पहिली 'लोटस'. हे नाव त्यांनी का निवडले, हे त्यांनी कधीच उघड केले नाही. हेझल पुढे त्यांच्या पत्नी झाल्या आणि व्यवसायातील सहकारीही.

त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी मंडळी चिखलाच्या चढणीवर गाड्या चढविण्याच्या स्पर्धा भरवीत. तिथे वेगाला महत्त्व नसे, मागची चाके चिखलात पकड धरतात की नाही याला असे. शेजारी बसलेला साथीदार जागच्या जागी उसळून मागच्या चाकांवर भार देई. चॅपमन आणि हेझल अशा स्पर्धांना जात. वजन म्हणजे केवळ अडचण नव्हे, योग्य चाकावर योग्य क्षणी आलेले वजन म्हणजेच पकड, हा धडा त्यांना चिखलाने दिला.

पुढची पायरी होती शर्यतीच्या ट्रॅकची. '७५० मोटर क्लब' ही ऑस्टिन सेव्हनप्रेमींची संस्था स्वस्तातल्या शर्यती भरवीत असे. १९५१ च्या मोसमासाठी चॅपमन यांनी अॅलन बंधूंच्या मदतीने तिसरी गाडी बांधली. ऑस्टिनच्या इंजिनात एकाच तोंडातून दोन-दोन सिलिंडर इंधन-हवेचे मिश्रण ओढीत आणि एकमेकांची वाट अडवीत. चॅपमन यांनी त्या वाटेत पत्र्याचा पातळ पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला जणू स्वतंत्र वाट करून दिली. नियमात हे कुठेही निषिद्ध नव्हते. गाडी इतकी सरस ठरली की नंतर नियमच बदलावा लागला. नियमपुस्तिका बारकाईने वाचून त्यातील फट शोधण्याची ही वृत्ती त्यांच्या आयुष्यभर टिकली. कीर्तीलाही तीच कारण झाली आणि अपकीर्तीलाही.

१ जानेवारी १९५२ रोजी 'लोटस इंजिनिअरिंग'चा व्यवसाय सुरू झाला. वडिलांच्या हॉटेलामागील जुना तबेला हाच कारखाना. तिथे तयार झालेल्या 'मार्क सिक्स'चा बारीक नळ्यांचा सांगाडा अवघा २५ किलोच्या आसपास भरे. इंजिन आणि इतर भाग साध्या फोर्ड गाड्यांचे असत. फोर्डचा पुढचा आडवा अॅक्सल मधोमध कापून दोन्ही चाकांना स्वतंत्र हालचाल दिलेली असे. गाडी सुट्या भागांत विकली जाई, त्यामुळे खरेदी-कर टळे. कारकून, मेकॅनिक, विद्यार्थी असे मध्यमवर्गीय हौशी लोक ती घरी आणून जुळवीत, आठवडाभर तिच्यातून कामावर जात आणि रविवारी तिच्याच जोरावर शर्यत खेळत. १९५७ साली आलेली 'लोटस सेव्हन' हा या विचाराचा कळस. दारे नाहीत, शोभेची सामग्री नाही, वजन सुमारे अर्धा टन. चॅपमन यांनी १९७३ मध्ये तिचे हक्क 'केटरहॅम' कंपनीला विकले. त्या गाडीचे वंशज त्यानंतरही बनत राहिले.

ऑटोक्रॉस या हौशी खेळात ही गाडी विशेष शोभली. मोकळ्या मैदानावर किंवा डांबरी पटांगणावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा आणि एकेका गाडीने घड्याळाशी झुंजायचे, असे या खेळाचे स्वरूप. अमेरिकेत तो डांबरावर रंगतो. आपल्याकडे बहुधा मातीच्या मैदानात, मारुती ८००, जिप्सी, एस्टीम अशा गाड्यांनी तो पोसला. सरळ रस्ता जवळजवळ नसल्यामुळे इथे इंजिनाच्या ताकदीला मर्यादा पडते आणि चॅपमन यांची शिकवण नेमकी लागू पडते. हलकी गाडी लवकर वेग घेते, कमी अंतरात थांबते, वळताना टायरवर कमी भार टाकते. इंजिन मोठे करून सरळ रस्त्यावरच लाभ होतो, वजन घटविल्याचा लाभ मात्र सर्वत्र मिळतो.

गाडीच्या जुळवणीबाबतही त्यांचा विचार रूढ समजुतीच्या उलट होता. शर्यतीची गाडी म्हणजे दगडासारख्या कडक स्प्रिंगा, असे अनेकांना वाटे. चॅपमन यांनी सांगाडा ताठ ठेवला आणि स्प्रिंगा मऊ. त्यांना आवर घालण्याचे काम नेमक्या जुळविलेल्या शॉक अॅब्जॉर्बरवर सोपविले. कारण टायर जमिनीला चिकटून राहिला तरच पकड. खडबडीत मैदानावर कडक स्प्रिंगेची गाडी उड्या मारते आणि हवेतले चाक ना वळवू शकते ना थांबवू शकते. १९६२ च्या 'एलान' या रस्त्यावरील गाडीने आरामही देता येतो आणि पकडही, हे सिद्ध केले.

या विचाराला साजेसा चालकही त्यांना लाभला. स्कॉटलंडच्या शेतकरी घरातला जिम क्लार्क. स्टिअरिंगला तो कधी हिसका देत नसे, ब्रेक हळुवारपणे सोडीत वळणात शिरे, भार एका चाकावरून दुसऱ्यावर अलगद सरकू देई. त्याच्या गाडीचे टायर आणि ब्रेक इतरांपेक्षा कमी झिजत. हौशी चालकाची पहिली चूक असते ती वळणात फार वेगाने घुसण्याची. मारुतीसारखी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी अशा वेळी वळायचे सोडून सरळ घसरत जाते आणि चालक स्टिअरिंग आणखी पिळतो. त्यावर पहिला इलाज म्हणजे वेग आधी उतरविणे आणि नजर पुढच्या शंकूवर ठेवणे. मग टायरमधील हवा थोडी-थोडी बदलून पाहावी. डांबरावर मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढविली तर गाडीची शेपटी सैल होते आणि तोंड वळू लागते. मात्र एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही.

१९६२ च्या 'लोटस २५'मध्ये चॅपमन यांनी नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि पत्र्याच्या कवचालाच सांगाडा केले. १९६३ मध्ये क्लार्क जगज्जेता झाला. १९६५ मध्ये त्याने जगज्जेतेपदाबरोबर इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. १९६७ च्या 'लोटस ४९'मध्ये इंजिन हाच गाडीच्या सांगाड्याचा भाग झाला. १९७८ मध्ये गाडीखालून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर तिला जमिनीशी खेचून धरणाऱ्या 'लोटस ७९'मधून मारिओ आंद्रेत्ती विजेता ठरला. चॅपमन यांच्या हयातीत चालकांची सहा आणि संघांची सात विश्वविजेतेपदे लोटसकडे आली.

परंतु या यशाची एक दुसरी वहीही होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले. दोघेही जबर जखमी झाले. टेलर यांनी लोटसविरुद्ध दावा लावला आणि तो जिंकला. १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथे क्लार्क मृत्युमुखी पडला. कारण निश्चित झाले नाही, टायरमधील हवा गेल्याचा तर्क प्रबळ राहिला; मात्र त्या आघातातून चॅपमन पूर्णपणे सावरले नाहीत, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. १९६९ मध्ये बार्सिलोनाला ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या गाड्यांचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. हातपाय शाबूत राहिलेल्या हिल यांनी सावध करण्याचा प्रयत्न करूनही रिंट यांचा अपघात टळला नाही, नाक मोडून ते रुग्णालयात गेले. काही भाग मजबूत करावेत, त्यासाठी वजन थोडे वाढले तरी चालेल, अशी लेखी विनवणी त्यांनी नंतर चॅपमन यांना केली. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथील सरावात त्यांच्या 'लोटस ७२'च्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला आणि ते प्राणास मुकले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. इटलीतील खटल्यातून चॅपमन पुढे निर्दोष सुटले.

चॅपमन निष्काळजी होते, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्या काळात इतर संघांचेही चालक दगावत होते. तरीही प्रत्येक भाग जेमतेम पुरेसा असावा, हा त्यांचा हट्ट होता. नवखा हौशी चालक गाडीतील मागची बैठक, गालिचे, जादा चाक काढतो तेव्हा तो चॅपमन यांचाच वारसा चालवीत असतो. मात्र स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक, चाकांचे बोल्ट, पट्टा आणि हेल्मेट यांत बचत करणे म्हणजे त्या वारशातील चूक पुन्हा करणे होय.

अखेरच्या वर्षांत त्यांचे नाव डीलोरियन मोटारीच्या गैरव्यवहाराशी जोडले गेले. ब्रिटिश सरकारचे पैसे परस्पर वळविल्याच्या त्या प्रकरणात १९९२ मध्ये लोटसच्या माजी अर्थप्रमुखाला तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले. त्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. त्याच दिवशी स्नेटरटनच्या ट्रॅकवर लोटसच्या नव्या गाडीची चाचणी ठरलेली होती. तिच्या चाकांवरचा भार यंत्रणा स्वतःच क्षणोक्षणी सावरणार होती. चाचणी झाली, पण तिचा निकाल ऐकायला चॅपमन नव्हते.