आभाळ मोजणाऱ्या ॲना मणी

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकू लागली, की जबलपूर, नागपूर या भागांतील आकाश ढगांनी भरून जाते. अशा वेळी विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला ढगांचा तळ किती उंचीवर आहे, हे आधीच ठाऊक असावे लागते. त्यासाठी हवेचा दाब, तापमान व आर्द्रता यांची अचूक मोजणी आवश्यक असते. ही मोजणारी यंत्रे भारतातच तयार व्हावीत, यासाठी ॲना मणी यांनी आयुष्य वेचले.

ॲना यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. वडील स्थापत्य अभियंते होते. आठव्या वाढदिवशी घरच्या रीतीप्रमाणे मिळणारी हिऱ्यांची कर्णफुले नाकारून त्यांनी विश्वकोशाचे खंड मागून घेतले. गांधीजींच्या विचारांच्या प्रभावामुळे त्या खादी वापरू लागल्या.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ साली पदवी घेतल्यावर त्यांनी बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली हिरे व माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर संशोधन केले. पाच शोधनिबंध प्रसिद्ध होऊनही, पदव्युत्तर पदवी नाही या कारणास्तव त्यांना डॉक्टरेट नाकारण्यात आली. त्या खचल्या नाहीत. शिष्यवृत्ती मिळवून १९४५ साली त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या आणि तेथे त्यांनी हवामानमापक यंत्रांचा अभ्यास केला.

१९४८ साली मायदेशी परतून त्या भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या. त्या काळी साधे तापमापकही परदेशातून आणावे लागत. ॲना यांनी सुमारे शंभर हवामानयंत्रांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे देशांतर्गत उत्पादन सुरू केले. १९५३ पर्यंत १२१ पुरुष कर्मचाऱ्यांच्या विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली होती. चुकीचे मापन घेण्यापेक्षा मापन न घेतलेले बरे, अशी त्यांची धारणा होती.

या आग्रहामागील कारण एका उदाहरणाने समजून घेऊ. हवा वर चढताना प्रसरण पावते व थंड होते. थंड होत ती दवबिंदूपर्यंत पोहोचली, की तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण बनतात आणि ढग तयार होतो. जमिनीजवळचे तापमान व दवबिंदू यांतील दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो. समजा, जबलपूरच्या डुमना विमानतळावर तापमान २८ अंश व दवबिंदू २४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे तळ सुमारे ५०० मीटरवर असेल. सदोष यंत्राने दवबिंदू २२ अंश दाखवला, तर हाच अंदाज ७५० मीटर होईल आणि वैमानिक अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी ढगात सापडेल.

वर चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहिली, तर ती चढतच जाते. अशा अस्थिर वातावरणात उंच गडगडाटी ढग उभे राहतात. वातावरण स्थिर असेल, तर ढगांचे सपाट थर पसरतात. ही स्थिती जाणण्यासाठी फुग्याला यंत्रे बांधून वरच्या हवेचे मापन करतात. तेथेही यंत्राच्या अचूकतेवरच सारे अवलंबून असते.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ॲना यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पुढे ओझोन मोजणारे यंत्र विकसित केले आणि थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभी केली. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही सौर व पवन ऊर्जेसाठी त्यांचे मोजमापाचे कार्य चालूच राहिले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. परंतु स्वतंत्र भारताला स्वतःचे आभाळ स्वतःच्या यंत्रांनी मोजण्याचे सामर्थ्य त्यांनी मिळवून दिले.