हकीमसाहेबांची पदरमोड

जुन्या दिल्लीतल्या बल्लीमारान मोहल्ल्यात शरीफ मंझिल नावाची हवेली, पिढीजात हकिमांचे घर. हकीम अजमल खान याच घराण्यात १८६८ साली जन्मले. नाडीपरीक्षेत त्यांची ख्याती देशभर होती. रामपूरच्या नवाबांकडे ते काही वर्षे राजवैद्य होते. संस्थानिकांकडून भरघोस फी घ्यायची आणि दारी आलेल्या गोरगरिबाला फुकट तपासायचे, हा त्यांचा शिरस्ता.

हा पैसा जायचा कुठे? बँकेत उभे आयुष्य गेल्याने माणसाच्या थोरवीआधी त्याचे खाते चाळायची मला खोड आहे. हकीमसाहेबांची नावेची बाजू भलतीच लांबलचक. करोल बागेत त्यांनी तिब्बिया कॉलेज उभारले, त्यात युनानी आणि आयुर्वेद एकाच छपराखाली. १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले. (तिथेच १९३१ साली सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून वेगळ्या काढलेल्या द्रव्याला 'अजमलीन' नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांचे दोष तपासायला ते आजही वापरतात.)

खरी कसोटी लागली ती जामिया मिलिया इस्लामियापायी. असहकाराच्या हाकेवर अलीगढचे कॉलेज सोडलेल्यांनी १९२० साली ही संस्था काढली, तीही आरंभी तंबूंत. सरकारी पै घ्यायची नाही, हा बाणा. अजमल खान पहिले कुलपती झाले आणि त्याच वर्षी त्यांनी सरकारी किताब परत केला. आदल्याच वर्षी अमृतसरला मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हिंदू शेजाऱ्यांसाठी गोवध सोडा, असे आपल्याच धर्मबांधवांना विनवले होते. १९२१ मध्ये अहमदाबादला ते काँग्रेसचे अध्यक्ष होते.

पुढे असहकार थांबला. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच मोडीत काढली आणि खिलाफत समितीकडून येणारा पैसा आटला. जामिया बंद करा, म्हणणारे घरचेच होते. हकीमसाहेब आणि डॉ. अन्सारी मात्र हटले नाहीत. गांधीजींनी झोळी घेऊन फिरण्याची तयारी दाखवली. जर्मनीत शिकणाऱ्या झाकीर हुसेन यांनी निरोप धाडला की, आम्ही परत येईपर्यंत कुलूप लावू नका. १९२५ मध्ये संस्था करोल बागेत आली. खर्चाचा मोठा वाटा हकीमसाहेबांच्या खिशातून जाई. तारण नाही, मुदत नाही. असा अर्ज माझ्यापुढे आला असता, तर मी तो बहुधा फेटाळलाच असता.

२९ डिसेंबर १९२७ रोजी हृदयविकाराने ते गेले आणि जामियाचा आधारच तुटला. तेव्हा, १९२८ मध्ये, झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी शपथ घेतली: वीस वर्षे इथेच शिकवू आणि महिना दीडशे रुपयांवर पगार घेणार नाही. पुष्कळ महिने तेवढाही हाती पडत नसे.