धैर्यमूर्ती श्रीमंत चिमाजी अप्पा

काशीगावापासून जवळच, वसईच्या खाडीकाठी, घोडबंदरचा किल्ला उभा आहे. श्रीदर्शनास येणाऱ्या अनेक भाविकांची वाट या परिसरातून जाते. श्रीमंत चिमाजी अप्पा यांच्या वसई मोहिमेचा हा किल्ला साक्षीदार आहे. धैर्य हा एकच गुण प्रसंगानुरूप किती रूपे धारण करतो, याची प्रचीती अप्पांच्या अल्प आयुष्यातून येते.

पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे हे कनिष्ठ पुत्र. त्यांचा जन्म १७०७ च्या सुमारास झाला. १७२० साली पितृछत्र हरपले व ज्येष्ठ बंधू बाजीराव पेशवेपदी आरूढ झाले. अप्पांची प्रकृती मुळातच नाजूक असून त्यांना छातीचा विकार होता. १७३० साली पुत्र सदाशिवराव यांच्या जन्मानंतर अल्पावधीतच पत्नी रखमाबाई निवर्तल्या. देहपीडा आणि गृहदुःख ही दोन्ही त्यांनी मूकपणे सोसली. परंतु कर्तव्यात खंड पडू दिला नाही. १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याचा रणसंग्राम व १७३६ मध्ये रेवासनजीक सिद्दी सातचा पराभव, हे त्यांचेच पराक्रम होत.

उत्तर कोकणातील रयत पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाने त्रस्त झाली होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी या मुलखाच्या मुक्ततेसाठी पेशव्यांकडे दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर १७३७ साली मोहीम सुरू झाली. ठाणे व घोडबंदर हाती आले. मात्र वसईवरील पहिले हल्ले विफल ठरले. अनेक वीर कामी आले, तरी मोहीम सोडून देण्यात आली नाही.

१७३९ च्या आरंभी अप्पा स्वतः कोकणात उतरले. माहीम व तारापूर जिंकून त्यांनी वसईस वेढा दिला. तारापूरच्या लढाईत त्यांचे विश्वासू सरदार बाजी भिवराव धारातीर्थी पडले. वसईच्या तटाभोवती खाडी, समुद्र आणि दलदल होती. तोफांच्या माऱ्याखाली सुरुंग खणावे लागत. काही सुरुंग तर उलटून आपल्याच सैनिकांच्या जिवावर बेतले. तरीही प्रत्येक अपयशानंतर नवे खोदकाम सुरू होत असे. तीन महिन्यांच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला.

अप्पांच्या धैर्याची खरी कसोटी विजयानंतर लागली. हजारो सहकारी गमावूनही त्यांनी सूडबुद्धीस थारा दिला नाही. शत्रूच्या शिबंदीस सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक दिली. आजारपणात जी सहनशीलता होती व वेढ्यात जी चिकाटी होती, तीच येथे संयम झाली.

मोहिमेच्या काळात अप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता व विजयानंतर मंदिर उभारून तो फेडला, अशी परंपरा आहे. तानसा नदीच्या परिसरातील हे क्षेत्र आजही भाविकांनी गजबजलेले असते.

एप्रिल १७४० मध्ये बाजीरावांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अप्पांनीही देह ठेवला. पुण्यास ओंकारेश्वर मंदिरानजीक त्यांची समाधी आहे. घोडबंदर, वसई वा वज्रेश्वरी येथे जाणाऱ्या यात्रेकरूंनी या संयमी वीराचे क्षणभर स्मरण करावे. संकटात न डगमगणे आणि यशात न उन्मत्त होणे, ही दोन्ही एकाच साधनेची अंगे आहेत, हा बोध त्यांच्या चरित्रातून मिळतो.