योहान सेबास्टियान बाख : शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

योहान सेबास्टियान बाख (२१ मार्च १६८५ – २८ जुलै १७५०) हा जर्मन संगीतरचनाकार व ऑर्गनवादक होता. आज तो रचनाकार म्हणून ओळखला जात असला, तरी हयातीत त्याचा लौकिक प्रामुख्याने ऑर्गनवादनामुळे होता. चर्चमधील हा ऑर्गन मराठी संगीत नाटकांतील ऑर्गनपेक्षा निराळा असतो. त्यात भात्याची हवा शेकडो नळ्यांतून खेळवली जाते आणि खर्जाचे स्वर पायांनी वाजवले जातात.

बालपण व शिक्षण

बाखचा जन्म थुरिंजियातील आयझेनाख येथे झाला. घराण्यात पिढ्यानपिढ्या संगीताचा व्यवसाय होता; वडील योहान आम्ब्रोसिउस हे नगरवादक होते. १६९४ मध्ये आई व १६९५ मध्ये वडील वारल्यामुळे पोरका झालेला बाख ओरड्रुफ येथील थोरल्या भावाकडे राहू लागला. हा भाऊ, योहान क्रिस्टोफ, पाखेलबेलचा शिष्य व तेथील चर्चचा ऑर्गनवादक होता. भावाने कपाटात ठेवलेली स्वरलिपीची वही बाखने सहा महिने चंद्रप्रकाशात चोरून उतरवली आणि भावाने ती नक्कल काढून घेतली, अशी हकीकत त्याच्या १७५४ च्या मृत्युलेखात आहे. हकीकतीत काही अतिशयोक्ती असेलही. पण नकलून शिकण्याची सवय खरी होती. ल्यूनेबुर्ग येथे १७०० साली त्याने स्वहस्ते उतरवलेली राइनकेनची एक रचना २००६ मध्ये प्रकाशात आली. ही नक्कल गेओर्ग ब्योम या ऑर्गनवादकाकडे केल्याची नोंद तिच्यावर आहे. ल्यूनेबुर्गच्या सेंट मायकेल शाळेत बाख गायकवृंदातील विद्यार्थी होता. तेथून तो राइनकेनचे वादन ऐकण्यासाठी हँबुर्गला जात असे.

आर्नश्टाट

१७०३ मध्ये काही महिने वायमारच्या दरबारी चाकरी केल्यावर आर्नश्टाट येथील नव्या ऑर्गनची परीक्षा करण्यासाठी त्याला बोलावण्यात आले. ऑगस्टमध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तो तेथेच ऑर्गनवादक म्हणून नेमला गेला. काम बेताचे व वेतन चांगले असूनही त्याचे तेथे पटले नाही. १७०५ मध्ये गायरस्बाख नावाच्या विद्यार्थी वादकाशी त्याची भर रस्त्यात झटापट झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस बुक्स्टेहूडेचे वादन ऐकण्यासाठी चार आठवड्यांची रजा घेऊन तो सुमारे ४०० किलोमीटरवरील ल्यूबेकला गेला. मृत्युलेखानुसार हा प्रवास त्याने पायी केला. तो परतला ते सुमारे चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याची चौकशी केली. रजेइतकाच आक्षेप त्याच्या वादनावर होता. स्तोत्रांच्या साथीत तो अनपेक्षित स्वर व करामती घालत असल्याने गाणारे उपासक गोंधळून जात, अशी तक्रार होती. विद्यार्थी-वृंदासोबत काम न करण्याबद्दलही त्याला जाब विचारण्यात आला. मात्र त्याला काढून टाकण्यात आले नाही.

म्यूलहाउझेन

१७०७ मध्ये बाखने म्यूलहाउझेनच्या सेंट ब्लासिउस चर्चचे पद स्वीकारले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी दूरच्या नात्यातील मारिया बार्बारा हिच्याशी त्याचा विवाह झाला. फेब्रुवारी १७०८ मध्ये नगरपालिकेच्या समारंभासाठी रचलेली त्याची कांटाटा छापली गेली. तरीही मनासारखे चर्चसंगीत उभे करता येत नसल्याचे कारण देऊन त्याने वर्षभरातच मुक्तता मागितली. जून १७०८ मध्ये ती मिळाली आणि तो दरबारी ऑर्गनवादक म्हणून पुन्हा वायमारला गेला. ऑर्गनसाठीच्या त्याच्या बऱ्याचशा रचना पुढील नऊ वर्षांत तेथेच झाल्या.